घराची सफेदी : आधी पाणी, मग चुना, शेवटी कापड

रमजान जवळ आला, घरात लग्न ठरले किंवा आखाती देशातून कोणी सुट्टीवर येणार असले की आपल्या मोहल्ल्यांतून रंगाच्या डब्यांची खरेदी सुरू होते. वर्षभर ज्या भिंतीकडे कोणी पाहिलेले नसते, तिच्यासाठी शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. रंगसाज मिळत नाही, मिळाला तर वाढीव मजुरी मागतो, आणि घाईघाईत ओल्या भिंतीवर महागडा रंग चढतो. पुढच्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटून खाली येतात. पैसा गेला आणि घर होते तसेच राहिले, असा हा व्यवहार होतो.

आम्ही मालेगावचे कापडाचे व्यापारी. रंगाच्या धंद्याशी आमचा थेट संबंध नाही. परंतु पडदे, अभ्रे, गादीपाट यांसाठी गिऱ्हाईक आमच्याकडे येते ते घर रंगवून झाल्यावर, म्हणजे खिसा रिकामा झाल्यावर. "जे सर्वांत स्वस्त असेल ते दाखवा" असे म्हणत जे बसतात, त्यांचा पैसा आधी कुठे गेला याचा हिशेब गादीवर बसल्या बसल्या आमच्या कानावर पडत असतो. त्यावरून आमचे मत असे झाले आहे की कमी खर्चात घर ताजेतवाने करायचे असेल तर कामाचा क्रम चुकवू नये, आणि पैसा डब्यात कमी व कारागिराच्या हातात जास्त जाईल असे पाहावे.

आता क्रमाने बोलू. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, यंत्रमागाच्या गावांतील पुष्कळ घरांत एकाच छपराखाली कारखाना आणि संसार चालतो. मागाच्या धक्क्याने गिलाव्याला बारीक भेगा पडतात. त्यात कापसाचे तंतू आणि तेलकट धूळ जाऊन बसते. पावसाळ्यात याच भेगांतून पाणी आत शिरते. अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी तो भिंतीला धरून राहात नाही, कारण तो भिंतीवर नव्हे, धुळीवर लावलेला असतो. म्हणून रंगाचा विचार करण्याआधी कोरड्या झाडूने छत व भिंती झाडून घ्याव्यात. धूळ निघण्याआधी पाणी मारले की तिचा चिखल होतो आणि डाग पक्के बसतात.

ओल कोठून येते हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा घेऊन ओलसर वाटणाऱ्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूस, भिंतीकडे, जमलेले दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूस असतील तर दोष खोलीतील कोंदट हवेचा आहे. तेथे भिंत फोडण्याचे कारण नाही, झरोका उघडला तरी पुरे. या परीक्षेला एक पैसा लागत नाही.

भिंतीतून येणारी ओल बहुधा छताची, मोरीची किंवा जमिनीची असते. छताची असेल तर आधी गच्चीचा उतार पाहावा. पावसाचे पाणी पन्हाळीकडे न जाता एखाद्या कोपऱ्यात साचत असेल तर तेवढ्या भागाचा कोबा नीट करून उतार काढून घ्यावा. यासाठी चांगला गवंडी लागतो, पण काम एक-दोन दिवसांचे असते. मोरीच्या भिंतीची ओल बहुतेक वेळा फरशीच्या सांध्यांतून येते. सांधे खरवडून पुन्हा भरले की ती थांबते. जमिनीतून चढणारी ओल मात्र हट्टी असते. जुन्या घरांच्या जोत्यात पाणी अडवणारा थर घातलेला नसतो, म्हणून जमिनीचे पाणी विटांतून वर चढते. ते सुकताना क्षार बाहेर टाकते आणि भिंतीला पांढरा लोणा फुटतो. हा लोणा पाण्याने धुऊ नये. पाण्याने क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. कोरड्या ब्रशने झाडून तो घराबाहेर टाकावा. अशा भिंतीवर तेलरंग लावणे म्हणजे पैसे भिंतीत गाडणे होय. आतले पाणी बाहेर येऊ पाहते, तेलरंगाचा पापुद्रा त्याला वाट देत नाही, मग फोड येऊन सगळा थर सुटतो. चुना मात्र भिंतीला श्वास घेऊ देतो. ओल पूर्ण गेली नाही तरी चुन्याची भिंत फुगत नाही, आणि खराब झाली तर पुन्हा एक हात मारण्याचा खर्च नगण्य असतो.

चुन्याला आजकाल गरिबाचा रंग समजतात. वास्तविक तो कारागिराचा रंग आहे. डब्यातला रंग कोणीही फासू शकतो, चुना तयार करायला मात्र समज लागते. चुनकळी पाण्यात टाकली की खदखदून उकळते, मग तिची निवळी होते. ती भिंतीवर लावल्यावर हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखी घट्ट होते. सरकारी बांधकाम खात्यांच्या जुन्या पद्धतीत प्रमाण असे धरले जाते : १ किलो चुनकळीस सुमारे ५ लिटर पाणी, मिश्रण २४ तास झाकून ठेवायचे, मग जाड कापडातून गाळायचे. म्हणजे १० किलो चुनकळी असेल तर ५० लिटर पाणी, गरम पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम डिंक आणि ३० ग्रॅमपर्यंत नीळ. डिंकामुळे चुना हाताला लागत नाही आणि निळीमुळे पिवळटपणा जातो. नीळ हात सैल सोडून टाकली की भिंत इस्पितळासारखी दिसते, एवढे लक्षात ठेवावे.

गाळण्यासाठी जुन्या मांजरपाटाचा तुकडा उत्तम. पहिला हात वरून खाली व लगेच खालून वर, मग उजवीकडून डावीकडे व उलट, असा ब्रश फिरवला तर पट्टे दिसत नाहीत. नव्या भिंतीला तीन हात लागतात, जुन्याला दोन पुरतात. एप्रिल-मेच्या उन्हात भिंत आधी पाण्याने भिजवून घ्यावी, नाहीतर चुना धरण्याआधीच सुकतो आणि पिठासारखा झडतो. चुनकळी पाण्यात सोडावी, चुनकळीवर पाणी ओतू नये. पातळ प्लास्टिकची बादली वापरू नये, ती वितळते. मुलांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यात शिंतोडा गेला तर ताबडतोब वाहत्या पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन डॉक्टरकडे न्यावे. यात हयगय नको.

पांढरा नको असेल तर पिवडी, काव किंवा हिरमजी मिसळता येते. हे मातीचे रंग चुन्यात टिकतात. बाजारातील काही चमकदार पुडीचे रंग चुन्याच्या तेजीने महिन्याभरात उडतात. ओला असताना रंग गडद दिसतो, सुकल्यावर बराच फिका होतो. म्हणून आधी एका कोपऱ्यात हातभर जागा रंगवून, दुसऱ्या दिवशी पाहून मग प्रमाण ठरवावे. एक पथ्य मात्र आहे. ज्या भिंतीवर आधी तेलरंग आहे तिच्यावर चुना चढत नाही. तेथे जुना रंग खरवडावा किंवा त्याच जातीच्या रंगाचा एक हात द्यावा. चुन्याच्या भिंतीवर डिस्टेंपर लावायचा असेल तर सुटा चुना खरवडून अस्तराचा हात देणे भाग आहे. बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा रंग लावायचा तर खालचा चुना पूर्ण निघाला पाहिजे, आणि रंग लावल्यावर भिंतीवर पाणी मारत राहिले पाहिजे. बहुतेक लोक हे पाणीच मारत नाहीत आणि मग कंपनीला नावे ठेवतात.

जुना तेलरंग खरवडताना सावध राहावे. पूर्वीच्या रंगांत शिसे असे, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून जुनी भिंत कोरडी घासू नये, पाणी लावून ओल्या पॉलिश पेपरने घासावी, आणि नवा डबा घेताना शिशाविषयीचा छाप पाहून घ्यावा. सुटा, बिनछापाचा रंग पाच-पन्नास रुपयांच्या बचतीसाठी घेऊ नये.

करांचा हिशेबही व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. रंगावर जीएसटी आधी २८ टक्के होता, तो २७ जुलै २०१८ पासून १८ टक्के झाला. सिमेंट २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आले. चुना आणि सुती कापड ५ टक्क्यांत आहेत. म्हणजे घरावरच्या खर्चात चुना आणि कापड यांचा वाटा जितका वाढेल तितका करही वाचतो.

हंगामाचाही विचार हवा. २०१६ ची ईद ७ जुलैला आणि २०१७ ची २६ जूनला आली होती. त्या वर्षांत रंग सुकतच नव्हता. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला आली, आणि चांद्र वर्षाच्या हिशेबाने ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत थंडीकडे चालली आहे. २०३० साली तर रमजान जानेवारीत व डिसेंबरात असा दोनदा सुरू होईल. म्हणजे येती काही वर्षे ईदच्या आधीचे दिवस कोरडे आहेत. ओलीचे काम पावसाळा संपताच काढावे आणि सफेदी दिवाळी उलटल्यावर. दिवाळीपूर्वी सगळे रंगसाज गुंतलेले असतात. दिवाळीनंतर त्यांचे हात रिकामे होतात, तेव्हा मजुरी वाजवी पडते आणि काम मन लावून होते. मजुरी मात्र काम संपल्याच्या दिवशीच द्यावी. उधारीवर माल नेणाऱ्याला व्यापारी चार दिवस थांबू शकतो, रोजावरचा माणूस थांबू शकत नाही.

छताबद्दल आणखी थोडे. मालेगावचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना स्लॅबच्या खालच्या खोलीत दुपारी बसणे काय असते हे सांगायला नको. गच्चीला बाहेरून पांढरा हात दिला तर ऊन परतवले जाते आणि खोली काही अंशांनी थंड राहते. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१७ साली गरीब वस्त्यांतील छतांना चुना लावण्याची मोहीम काढली, आणि तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. आपल्याला धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. फेब्रुवारी संपताना गच्ची झाडून, धुऊन, डिंक किंवा सरस मिसळलेल्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसाळ्यात तो बराचसा जाईल, पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा. पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, तेथे पत्र्यासाठीचा पांढरा रंगच लागतो.

दर्शनी बाजूस फार खर्च करण्याची गरज नसते. रस्त्यावरून पाहणाऱ्याची नजर दरवाजा, खिडकीची जाळी, ओटा आणि लोंबणाऱ्या तारा या चार जागांवर जाते. तारा पट्टीत बसवून घ्याव्यात. जाळी पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर रंगाचे दोन हात द्यावेत. गंजावर थेट रंग लावला तर तो वर्षही काढत नाही. ओट्याची शहाबादी फरशी चमकवण्यासाठी काही जण ॲसिड टाकतात, ते अजिबात करू नये. शहाबादी हा चुन्याच्या जातीचा दगड आहे, ॲसिड त्याला खाते. साबणाचे पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरे.

जुना सागवानी दरवाजा असेल तर त्याच्यावर रंग लावण्याची घाई नको. पॉलिश पेपरने घासून बेलतेलाचे दोन पातळ हात दिले की लाकूड जिवंत होते. येथे कापडवाले म्हणून एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. बेलतेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ज्या घरात किंवा शेजारी सूत आणि तागे पडलेले असतात तेथे तर हे फारच धोक्याचे आहे. चिंध्या बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

आता कापड. खोलीचे रूप पालटण्यात पडद्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. पण येथेही अंदाजाने खरेदी होते. पडद्याला चुण्या नीट पडण्यासाठी कापडाची रुंदी उघड्या जागेच्या दुप्पट लागते. ४ फूट रुंद, ४ फूट उंच खिडकीला ४८ इंची पन्ह्याच्या दोन पट्ट्या, वरखाली मुडपण्यासाठी एक फूट धरून प्रत्येकी ५ फूट, म्हणजे १० फूट किंवा ३ मीटरहून थोडे अधिक. दरवाजाला मात्र लोक हटकून दोन पट्ट्या घेतात. दरवाजा ३ फूट रुंद असतो, त्याला दीड पट्टी पुरते. म्हणून दोन दरवाजांचे कापड एकत्र घ्यावे. आठ-आठ फुटांच्या चार पट्ट्यांऐवजी तीन घेऊन एक मधोमध फाडावी. २४ फुटांत काम होते, ३२ फूट लागत नाहीत. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ८ मीटर घ्यावे, रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच शिंप्याकडे द्यावे. न भिजवता शिवलेला पडदा पहिल्या धुण्यानंतर जमिनीपासून वीतभर वर लटकतो आणि दोष शिंप्याला लागतो.

रंग पक्का आहे की नाही हे दुकानातच पाहावे. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोराने चोळावा. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही. उन्हाकडे तोंड असलेल्या खिडकीच्या पडद्याला मांजरपाटाचे अस्तर लावावे. त्याने आयुष्य वाढते आणि ऊनही अडते. माग जवळ असलेल्या घरात फुलाफुलांचे लोकरी, खरबरीत कापड नको, तंतू त्यात अडकून बसतात. पॉपलीन किंवा दोसुती गुळगुळीत असते आणि झटकली की साफ होते. पॉलिएस्टरचा पडदा आटत नाही, लवकर वाळतो आणि स्वस्तही पडतो, हे आम्ही नाकारत नाही. पण स्वयंपाकघरात तो लावू नये, आग लागली तर वितळून अंगाला चिकटतो. चुलीजवळ खरे तर कोणताच पडदा नको.

बैठकीसाठी हप्त्यावर सोफा घेण्याची चाल वाढली आहे. वस्तूची किंमत एक आणि हप्त्यांची बेरीज दुसरीच, आणि वरचे व्याज घरात शिरते ते वेगळे. ज्या घरात जुन्या कापसाच्या गाद्या आहेत त्यांनी आधी पिंजाऱ्याला बोलवावे. फोमची गादी बसली की फेकावी लागते. कापूस दडपला तरी उन्हात घालून पुन्हा पिंजला की फुलतो. जुन्या दोन गाद्यांचा कापूस पिंजून त्यात थोडा नवा मिसळला तर एक गादी, दोन लोड आणि चार तक्के सहज भरता येतात. वर एकाच रंगाचे अभ्रे आणि कडेला गोट लावला की जी बैठक तयार होते, तिच्यावर दहा माणसे बसू शकतात. सोफ्यावर तीन बसतात आणि खोलीही अडते.

येथे आमच्या व्यापारी बांधवांशी एक गोष्ट बोलायची आहे. मालेगावच्या मागांवर विणलेले कोरे कापड पाली, बालोतरा येथे जाते, तेथे रंगते, छापले जाते, आणि त्यातले काही पडदे-चादरी होऊन आपल्याच बाजारात परत येते. विणण्याची मजुरी आपल्याकडे राहते, पुढची सगळी कमाई बाहेर. रंगाई-छपाईला पाणी, यंत्रे आणि मोठे भांडवल लागते, ते एकदम होणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु रंगून आलेला तागा मापाने कापून, भिजवून, शिवून तयार पडदा म्हणून विकणे यासाठी शिलाई यंत्र आणि एक स्वच्छ खोली पुरते. आपल्या मोहल्ल्यांत शिवणकाम जाणणाऱ्या भगिनी घरोघर आहेत. त्यांना नगावर ठरवून रोख मजुरी दिली आणि चार-पाच ठरावीक मापांचे दरवाजा-खिडकीचे पडदे, लोड-तक्क्यांचे अभ्रे तयार ठेवले, तर रमजानच्या बाजारात बाहेरच्या तयार मालाशी टक्कर देता येईल. सोलापूरच्या चादरीने स्वतःच्या गावाचे नाव मालावर टिकवले. मालेगावचे नाव मात्र कोऱ्या ताग्यावरच राहते आणि रंग चढताच पुसले जाते.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी नमुन्याचे वीस-पंचवीस नग आधी ओळखीच्या घरांतून द्यावेत, एक पावसाळा व चार धुण्या जाऊ द्याव्यात, आणि आटलेले माप पुन्हा मोजून मगच मोठी कापणी करावी. गिऱ्हाइकांनी ईदच्या किमान दीड महिना आधी मापे शिंप्याकडे पोहोचवावीत. शाबानच्या अखेरीस शिंपी नव्या कपड्यांच्या कामात गुंततात आणि पडद्यांचे गठ्ठे तसेच बांधलेले राहतात.